बायोस अपडेट करा म्हणालात, रिकव्हरी कीचं कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात कॉम्प्युटर सुरक्षित ठेवायच्या टिप्स आल्या होत्या. पासवर्ड, अँटीव्हायरस, बॅकअप असं नेहमीचं सगळं झाल्यावर शेवटी एक ओळ होती की मदरबोर्डचं बायोससुद्धा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, नेहमी लेटेस्ट ठेवा. बस. पुढे काही नाही, मागे काही नाही. त्या एका ओळीपायी माझ्या ताईचा कॉम्प्युटर जवळजवळ एक दिवस बंद पडून होता आणि माझी एक अख्खी रात्र गेली, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. भांडायला लिहीत नाहीये, आणि ओळ चुकीची होती असंही माझं म्हणणं नाही, ती अर्धी होती एवढंच, आणि उरलेली अर्धी तुम्ही छापावी अशी इच्छा आहे.

झालं असं की ताईनं ते वाचलं आणि तिला पटलं. ती काही अशा गोष्टींना घाबरणारी बाई नाही, कंपनीच्या साईटवर गेली, मॉडेल नंबर टाकला, सगळ्यात वरची फाईल उतरवली, अनझिप करून पेनड्राइव्हवर टाकली, बायोसमध्ये शिरली आणि अपडेट मारलं. सगळं बरोबर केलं हो, मी सांगूनसुद्धा यापेक्षा वेगळं काही सांगितलं नसतं. पट्टी १०० टक्क्यांवर गेली, मशीन रीस्टार्ट झालं, मध्येच काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत चार-पाच ओळी आल्या आणि वाय दाबा किंवा एन दाबा असं विचारलं, तिनं वाय दाबलं, आपण सगळेच दाबतो. त्यानंतर विंडोज यायच्या ऐवजी निळी स्क्रीन, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी, ४८ आकडी की म्हणजे किल्ली टाका.

फोन आला रात्री साडेअकराला. "अरे हे कसली की मागतंय? मी कधी कुठली की ठेवलीच नाहीये." मी म्हटलं, "तू नसशील ठेवली, विंडोजनं परस्पर ठेवली असेल, तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर बघ." तर म्हणे, "माझं अकाउंट आहे?" इथंच मला कळलं की आज झोप नाही.

आता हे का होतं ते सांगतो, कारण तुमच्या टिप्स वाचणाऱ्या कितीतरी लोकांच्या मशीनवर हे आत्ता चालू असेल आणि त्यांना पत्ताच नसेल. हल्लीच्या बऱ्याच विंडोज मशीनमध्ये डिस्क या बिटलॉकरनं आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद, पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की झालं, वेगळं कोणी विचारत बसत नाही. डिस्क उघडायची किल्ली टीपीएम नावाच्या भागात ठेवलेली असते आणि तो भाग फार संशयी, मशीन चालू होताना कोणता प्रोग्रॅम कोणत्या क्रमानं चालला याची मापं तो घेतो आणि ती मागच्या वेळेसारखीच जुळली तरच किल्ली सोडतो. बायोस नवीन टाकलं की मापं बदलू शकतात. त्यात एएमडीच्या प्रोसेसरवर हा टीपीएम बहुतेक वेळा प्रोसेसरच्या आतच सॉफ्टवेअरनं बनवलेला असतो, एफटीपीएम म्हणतात, आणि काही अपडेटमध्ये तो सरळ रिकामा करायची वेळ येते. ताईला जो वाय-एनचा प्रश्न आला तो हाच. गंमत म्हणजे त्या चार-पाच ओळींत स्पष्ट लिहिलेलं असतं की बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की शिवाय मशीन सुरू होणार नाही. पण काळ्यावर पांढऱ्या बारीक अक्षरात, एकाला एक चिकटून, तेही अपडेट संपल्यावर, जेव्हा माणूस "झालं एकदाचं" म्हणून सुटकेचा श्वास घेत असतो तेव्हा. कोण वाचतंय.

की शेवटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडली आणि ती ताईच्या अकाउंटवर नव्हतीच. कॉम्प्युटर नवीन आला तेव्हा तो सेटअप केला होता भाच्यानं, स्वतःच्या ईमेलनं, मग नंतर ताईचं लोकल युजर बनवून दिलं आणि विसरून गेला. त्याच्या अकाउंटवर डिव्हाइसच्या यादीत की होती, स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली ८ अक्षरं जुळवून बघितली, जुळली. मग त्यानं फोनवर आकडे वाचायचे आणि ताईनं टाकायचे, सहा-सहाचे आठ गट. एक बारीकशी गोष्ट सांगतो जी मला फार आवडते, त्या प्रत्येक सहा आकडी गटाला ११ नी पूर्ण भाग जातो, मुद्दाम तसं केलंय, म्हणजे एखादा आकडा चुकला तर त्या गटापाशीच कळतं, सगळे ४८ टाकून झाल्यावर नाही. ज्यानं कोणी हा विचार केला त्यानं कधीतरी रात्री फोनवर आकडे ऐकून टाकले असणार.

तर तुमच्या त्या ओळीच्या आधी ही ओळ पाहिजे होती. आधी बघा डिस्क एन्क्रिप्ट आहे का, असेल तर की शोधून कागदावर उतरवून घ्या, मग बिटलॉकर सस्पेंड करा, बंद नाही करायचं, नुसतं सस्पेंड म्हणजे तात्पुरतं थांबवायचं, म्हणजे पूर्ण डिस्क डिक्रिप्ट व्हायची वाट बघायला नको, आणि मगच बायोसला हात लावा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि सस्पेंड केलं म्हणून की कशाला असं म्हणू नका, टीपीएम रिकामा झाला तर विंडोजचा पिनसुद्धा चालत नाही, तिथे अकाउंटचा पासवर्ड माहीत असावा लागतो, आणि तो किती जणांना पाठ असतो ते सोडा.

हे ऑफिसात सांगितलं तर आमच्या एका सीनियर मित्राचं लगेच, "म्हणूनच मी म्हणतो, चालतंय ना, मग हात लावायचा नाही." याला मी काय बोलू. त्याची भीती खोटी नाही, फक्त जुनी आहे. एके काळी बायोस ज्या चिपमध्ये असायचं तिच्या डोक्यावर काचेची खिडकी असायची, पुसायचं तर चिप काढून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठेवायची, एरवी उजेड लागू नये म्हणून वर स्टिकर. मग फ्लॅश चिप आल्या, जागच्या जागी पुसता-लिहिता यायला लागल्या, आणि त्याबरोबर ही भीतीही आली. फ्लॉपीवरून अपडेट करताना लाईट गेली की मदरबोर्ड गेला, चिप उपटून दुसरीकडे लिहून आणा. त्यात २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसनं कित्येक मशीनच्या बायोसवर कचरा लिहून ठेवला, लोक त्याला चेर्नोबिल व्हायरस म्हणायचे, आणि तेव्हापासून बायोस म्हटलं की त्या पिढीच्या पोटात गोळा येतो. समजू शकतो मी.

पण आता तसं राहिलेलं नाही. चांगल्या डेस्कटॉप बोर्डांवर मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण असतं, त्याला प्रोसेसर लागत नाही, रॅम लागत नाही, नुसती पॉवर सप्लाय जोडायची, फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर कंपनी सांगते त्या नावाची फाईल ठेवायची, ठरलेल्या यूएसबी पोर्टात घालायची आणि बटण तीनेक सेकंद दाबून धरायचं, दिवा लुकलुकायला लागला की चालू झालं समजायचं आणि विझेपर्यंत हात लांब. म्हणजे अपडेट अर्धवट गेलं तरी परत लिहिता येतं. काही बोर्डांवर दोन-दोन बायोस चिप असतात, एक बिघडली तर दुसरीवरून उठतं. फाईलच्या नावात मात्र हमखास फसतात लोक, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, आणि विंडोज फाईलचं एक्स्टेन्शन लपवतं त्यामुळे रॉम डॉट रॉम असं दोनदा नाव देऊन बसतात आणि मग दिवा पाच सेकंद लुकलुकून स्थिर होतो, लोकांना वाटतं झालं, झालेलं काहीच नसतं. अजून एक, पेनड्राइव्ह ३२ जीबीपेक्षा मोठा असेल तर विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत फॅट३२ दिसतच नाही, घरातला सगळ्यात जुना बारका पेनड्राइव्ह शोधायचा, तो या कामाला सोनं असतो.

आणि "हात लावायचा नाही" म्हणणाऱ्यांना मी दोन गोष्टी विचारतो. २०२४ मध्ये इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर गेम खेळताना, फाईली उघडताना उगाच क्रॅश व्हायला लागले, लोकांनी रॅम बदलली, ग्राफिक्स कार्ड बदललं, विंडोज तीन-तीनदा टाकलं. निघालं काय, तर प्रोसेसर जरुरीपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यानं हळूहळू आतून झिजत होता. उपाय होता मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला छोटा प्रोग्रॅम, ऑगस्टमध्ये एक आला, सप्टेंबरमध्ये दुसरा आला, आणि तो आला बायोस अपडेटमधून. झालेली झीज त्यानं भरून येत नाही हे इंटेलनंच सांगितलं आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवून दिली. म्हणजे ज्यानं "चालतंय ना" म्हणून सहा महिने हात लावला नाही त्याचा प्रोसेसर त्या सहा महिन्यांत झिजतच होता. तसंच २०२३ च्या एप्रिलमध्ये एएमडीच्या ७००० सिरीजच्या थ्रीडी कॅशवाल्या प्रोसेसरचं, काही तर सॉकेटसकट जळले, फुगवटा आलेले फोटो फिरत होते तेव्हा, त्यावर एसओसी (प्रोसेसरचा एक भाग) व्होल्टेज १.३ च्या वर जाऊच द्यायचं नाही अशी मर्यादा घातली ती पण बायोसमधूनच. या दोन वेळांना मी स्वतः ओळखीच्या लोकांना फोन करकरून सांगितलंय की आजच्या आज टाका.

मग नेहमी लेटेस्ट ठेवा हे बरोबरच झालं ना, असं तुम्ही म्हणाल. नाही, इथंच माझी खरी तक्रार आहे आणि ती तुमच्यापेक्षा बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांवर जास्त आहे. ताईच्या बोर्डाच्या पानावर गेलो आणि तिनं टाकलेल्या व्हर्जनखाली काय बदल केलेत ते वाचलं. लिहिलं होतं, सिस्टिमची स्टॅबिलिटी सुधारली. संपलं. त्याच्या आधीच्या व्हर्जनखाली? तेच. त्याच्या आधी? परफॉर्मन्स सुधारला. १५-१६ एमबीची फाईल, माझ्या मशीनचं पहिलं श्वास घेणं जिच्यावर अवलंबून, आणि तिच्याबद्दल तीन शब्द. स्टॅबिलिटी सुधारली म्हणजे आधी काय अस्थिर होतं बाबा? माझ्या प्रोसेसरला त्याचा संबंध आहे का? सिक्युरिटीचं भोक बुजवलंय का नुसता पंख्याचा आवाज कमी केलाय? आणि टीपीएम रिकामा होणार आहे ही एक ओळ तिथे मोठ्या लाल अक्षरात लिहायला काय जातं? मोबाईलच्या साध्या ॲपवालेसुद्धा याच्यापेक्षा जास्त लिहितात. काही कंपन्या लिहितात नीट, नाही असं नाही, मायक्रोकोडचा नंबर देतात, कोणत्या त्रुटीवर इलाज आहे तो नंबर देतात, या व्हर्जननंतर मागे जाता येणार नाही असंही स्पष्ट सांगतात. मागे जाता येत नाही हे फार महत्त्वाचं आहे, बऱ्याच बोर्डांवर एकदा पुढे गेलात की जुनं व्हर्जन घेतच नाही, आणि नव्यात तुमची रॅम आधीच्या स्पीडला चालेनाशी झाली तर बसा पुढच्या अपडेटची वाट बघत.

एएमडीच्या एएम४ बोर्डांचं उदाहरण तर भारीच आहे. एकाच सॉकेटवर इतक्या पिढ्यांचे प्रोसेसर आले की १६ एमबीच्या चिपमध्ये सगळ्यांची माहिती मावेना, तेव्हा काही कंपन्यांनी नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरचा सपोर्टच काढून टाकला, कुठे कुठे बायोसचे रंगीत मेनू काढून साधे केले. आता कोणी जुना प्रोसेसर लावून बसलाय आणि "नेहमी लेटेस्ट" म्हणून डोळे झाकून वरची फाईल टाकली, तर तो माणूस स्वतःच्या हातानं स्वतःचं मशीन बंद पाडतो. फाईल चांगली, टाकण्याची पद्धत चांगली, लाईटही गेली नाही, आणि स्क्रीन काळी.

काळ्या स्क्रीनवरून आठवलं, हे पण छापा. अपडेट झाल्यावर पहिल्यांदा चालू होताना, विशेषतः डीडीआर५ रॅम असेल तर, मशीन रॅमची नव्यानं जुळवणी करतं. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीनवर काही म्हणजे काही नाही, मध्येच आपलं आपणच बंद होऊन परत चालू होतं. रॅम जास्त असेल तर पाच-दहा मिनिटं सहज जातात. ती दहा मिनिटं फार वाईट असतात, मी इतक्या वेळा केलंय तरी माझा हात पॉवर बटणाकडे जातोच, मग मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. लोक तिसऱ्या मिनिटाला बटण दाबतात, जुळवणी परत पहिल्यापासून, परत दाबतात, आणि मग बोर्ड मेला म्हणून जाहीर करतात. त्याहून वाईट म्हणजे काही बोर्ड अपडेटच दोन टप्प्यांत करतात, पहिल्या रीस्टार्टनंतर आत अजून लिहिणं चालू असतं, तिथे बटण दाबलं तर मात्र खरंच वाट लागते.

तसंच बॅटरी. अपडेट फसलं की कोणीतरी हमखास सांगतो, ती गोल सीआर२०३२ बॅटरी काढ, पाच मिनिटांनी लाव, जुनं बायोस परत येईल. नाही येत. बॅटरी काढल्यानं सेटिंग जातात, प्रोग्रॅम जात नाही, तो आठ पायांच्या त्या फ्लॅश चिपमध्ये असतो आणि तिला बॅटरीची गरजच नसते. सेटिंग तर अपडेटनं तशीही गेलेली असतात बहुतेक वेळा, म्हणून आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलनं फोटो काढून ठेवावा. रॅमचा स्पीड, पंख्यांची गती, बूटचा क्रम, आणि डिस्क कंट्रोलरचा मोड, म्हणजे रेड (RAID) किंवा व्हीएमडी या डिस्क हाताळायच्या पद्धती चालू होत्या का बंद, हे शेवटचं बदललं तर विंडोज अर्ध्यात आपटतं आणि माणूस डिस्क गेली समजून रडायला लागतो. ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवलेलं असेल तर अपडेटच्या आधी सगळं डीफॉल्टवर आणायचं, कारण फाईल आधी रॅममध्ये वाचली जाते आणि रॅमच डळमळीत असेल तर काय लिहिलं जाईल देव जाणे.

अगदीच सगळं बुडालं आणि बोर्डावर फ्लॅशबॅक नसेल तर त्या चिपला क्लिप लावून बाहेरच्या प्रोग्रॅमरनं लिहिता येतं, मी केलंय एकदा. पहिल्या पायाशी एक बारीक ठिपका असतो, क्लिपची लाल वायर त्या बाजूला. चिप ३.३ व्होल्टची आहे का १.८ ची हे तिच्यावरचा नंबर भिंगातून वाचून ठरवायचं, १.८ च्या चिपला ३.३ दिलं तर चिप जाऊ शकते. आणि लिहायच्या आधी जे आहे ते दोनदा वाचून दोन्ही फाईली सारख्या आहेत का बघून जपून ठेवायचं, कारण मशीनचा सिरीयल नंबर, लॅनचा पत्ता, लॅपटॉपमध्ये विंडोजची की, असं बरंच काही त्याच चिपमध्ये असतं आणि साईटवरच्या फाईलमध्ये ते नसतं. हे घरी करा असं मी मुळीच सांगत नाहीये, पण दुरुस्तीवाल्यानं "मदरबोर्ड बदलावा लागेल" म्हटल्यावर चिप परत लिहून बघितली का एवढं विचारायला हरकत नाही.

सुरक्षेचं तुम्ही म्हणालात ते मात्र खरं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लोगोफेल म्हणून प्रकरण बाहेर आलं, मशीन चालू होताना कंपनीचं जे चित्र दिसतं ते चित्र वाचणाऱ्या कोडमध्येच भोकं होती, खास बनवलेलं चित्र घुसवलं की विंडोज सुरू व्हायच्या आधीच मशीन दुसऱ्याच्या ताब्यात, तिथे अँटीव्हायरस काय करणार, तो जागाच झालेला नसतो. आणि सिक्युअर बूटची, म्हणजे चालू होताना फक्त सही असलेलेच प्रोग्रॅम चालू देणाऱ्या सोयीची, जी २०११ ची मायक्रोसॉफ्टची सर्टिफिकेट आहेत त्यांची मुदत जून २०२६ पासून संपायला लागते, त्यामुळे मशीन बंद पडणार नाही, पण बूटच्या भागाला पुढचे सुरक्षा अपडेट मिळायचे तर नवी सर्टिफिकेट लागतात, आणि काही मशीनना ती घ्यायच्या आधी कंपनीचं बायोस अपडेट लागतं. यावर तुम्ही एक वेगळा लेख द्या खरंतर, टिप्सच्या शेवटी एक ओळ नको.

मी स्वतः काय करतो ते सांगतो आणि थांबतो. वर्षातून दोनदा बोर्डाचं पान उघडतो, बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेली रिव्हिजन साईटवरच्या रिव्हिजनशी ताडून बघतो, कारण एकाच नावाच्या १.० आणि १.१ ची फाईल वेगळी असू शकते. सिक्युरिटी, मायक्रोकोड किंवा माझ्याच एखाद्या दुखण्याचं नाव नोटमध्ये दिसलं तर टाकतो, तेही बीटा असेल तर नाही. नुसतं स्टॅबिलिटी सुधारली असेल तर मी पण माझी स्टॅबिलिटी राखतो.

कळावे, लोभ असावा.
आपला एक नेहमीचा वाचक

ता.क. ताईनं आता ते ४८ आकडे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून मॉनिटरच्या मागच्या बाजूला चिकटवलेत. हे बरोबर का चूक ते मी तिला सांगितलं तर ती ऐकायची नाही, तुमच्या पुढच्या टिप्समध्ये आलं तर ऐकेल.